चाळिशीनंतर ट्रायथलॉन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला राहते, ऑफिसची नोकरी आहे, वय ४९. चव्वेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी गोव्याची हाफ आयर्नमॅन पूर्ण केली. तेव्हापासून ओळखीतल्या आणि अनोळखी लोकांचे मेसेज येतच असतात, बहुतेक सगळे चाळिशी-पन्नाशीतले. प्रत्येकाला तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढलंय. निम्मे प्रश्न शरीराबद्दल नसतातच, घराबद्दल असतात, आणि मला ते अगदी बरोबर वाटतं, म्हणून घाई असेल तर बाकीचं सोडा पण प्रश्न ६ आणि ७ वाचा.

१. ट्रायथलॉन म्हणजे नक्की काय? आयर्नमॅन आणि ते एकच का?

पोहणं, मग सायकल, मग पळणं. ह्याच क्रमाने, लागोपाठ, आणि मध्ये कपडे-बूट बदलताना घड्याळ थांबत नाही. अंतरं वेगवेगळी असतात. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं. ऑलिंपिक म्हणजे १.५, ४० आणि १० किमी. हाफ आयर्नमॅन, म्हणजेच ७०.३, त्यात १.९ किमी, ९० किमी आणि २१.१ किमी (७०.३ हा आकडा मैलांचा आहे, तिन्ही अंतरांची बेरीज). फुल आयर्नमॅन ह्याच्या दुप्पट, शेवटी अख्खी मॅरेथॉन.

आयर्नमॅन हे एका कंपनीच्या स्पर्धांचं नाव आहे. पहिली १९७८ साली हवाईला झाली, १५ जणांनी सुरू केली आणि १२ जणांनी पूर्ण केली. ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन आलं २००० साली, सिडनीला. सांगायचा मुद्दा एवढाच की स्प्रिंट करणारासुद्धा पूर्ण ट्रायथलीट असतो, आणि चाळिशीत सुरुवात करणाऱ्याने पहिलं वर्ष स्प्रिंटचंच ठेवावं असं माझं ठाम मत आहे.

२. माझं वय ४६. उशीर झाला का?

नाही. मिलिंद सोमणने २०१५ साली झ्युरिकची फुल आयर्नमॅन पूर्ण केली तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता, १५ तास १९ मिनिटं लागली. तो तर आधीपासून पोहणारा माणूस, त्याची गोष्ट वेगळी असं वाटत असेल तर मॅडोना ब्यूडर ह्या अमेरिकन ननचं बघा, पहिलं ट्रायथलॉन ५२व्या वर्षी आणि ८२व्या वर्षी २०१२ साली आयर्नमॅन पूर्ण. जपानचे हिरोमू इनादा सत्तरीत ह्याकडे वळले आणि २०१८ साली ८५व्या वर्षी हवाईची वर्ल्ड चॅम्पियनशिप पूर्ण केली.

वयाने फरक पडतो तो मुख्यतः भरून निघायला लागणाऱ्या वेळात. पंचविशीतला मुलगा आज दमला तर उद्या ताजा होतो, आपल्याला दोन दिवस लागतात. पुष्कळ लोक पहिल्या तीन महिन्यांत दुखापत करून घेतात ते ताकद कमी पडते म्हणून नाही, विश्रांतीचा दिवस वाया गेला असं वाटतं म्हणून. वयामुळे विश्रांतीचे दिवस वाढतात, आणि ते प्लॅनमध्येच लिहून ठेवायचे.

३. सुरू करायच्या आधी डॉक्टरकडे जायलाच पाहिजे का? मला काहीच त्रास नाही.

हो, जायलाच पाहिजे, आणि त्रास नसला तरी. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, ईसीजी, आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट आणि टू-डी इको. घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर ते आपणहून सांगा. ट्रायथलॉनमध्ये जे मृत्यू होतात ते बरेचसे पोहण्याच्या टप्प्यात होतात आणि त्यात चाळिशीच्या पुढचे पुरुष जास्त असतात. हे घाबरवायला लिहीत नाहीये, पण ही तपासणी टाळणारे बहुतेक पुरुषच भेटतात म्हणून स्पष्ट लिहिलं.

दोन गोष्टी औषधं चालू असणाऱ्यांसाठी. बीपीच्या काही गोळ्यांनी (बीटा ब्लॉकर) पल्स नेहमीइतकी वाढत नाही, मग घड्याळावरचे पल्सचे झोन बघून व्यायाम केला तर गडबड होते. आणि इन्सुलिन किंवा काही शुगरच्या गोळ्या चालू असतील तर लांब व्यायामात साखर एकदम खाली येऊ शकते, त्यामुळे डोस आणि खाणं दोन्ही डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं, सोबत ग्लुकोज ठेवायचं आणि एकट्याने लांब जायचं नाही.

गोळ्या नसतील तरी जास्तीत जास्त पल्स काढायचा २२० वजा वय हा फॉर्म्युला सरासरीचा आहे, तुमचं हृदय त्याहून दहा-पंधरा ठोक्यांनी वेगळं असू शकतं. पहिले सहा महिने साधा नियम: पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे.

४. मला पोहताच येत नाही. ह्या वयात येईल?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे. मलाही येत नव्हतं. माझे वडील गावाकडे पाठीला डबा बांधून विहिरीत शिकले, माझ्या भावालाही तसंच ढकललं, आणि मुलगी म्हणून मला काठावर कपडे सांभाळायला बसवलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी म्युनिसिपालिटीच्या तलावावर सातवी-आठवीतल्या मुलांच्या बॅचला उभी राहिले तेव्हा पाणी छातीपर्यंतच होतं, तरी मी दांडी सोडत नव्हते.

काय होतं ते सांगते. मोठ्या माणसाला हातपाय मारणं लवकर जमतं, जमत नाही ते श्वास सोडणं. आपण तोंड पाण्यात घातलं की श्वास कोंडून धरतो, मग वर आल्यावर आधी सोडायचा आणि लगेच घ्यायचा, ह्यात दम लागतो आणि वाटतं स्टॅमिना नाही. स्टॅमिना असतो. पहिले दोन आठवडे फक्त दांडी धरून तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे, एवढंच करा, पोहायचं नावच घेऊ नका. मग पालथं तरंगणं, मग उताणं तरंगणं, आणि उताणं तरंगणं पक्कं यायलाच हवं कारण पुढे समुद्रात तेच तुमचा जीव सांभाळतं (प्रश्न १४). पाय खाली बुडतात कारण डोकं वर असतं, समोर नाही तर तळाकडे बघायचं, कंबर आपोआप वर येते.

मला २५ मीटरची एक लांबी न थांबता यायला दीड महिना लागला आणि ४०० मीटरला पाच महिने. त्यानंतर मात्र ४०० चे १००० व्हायला सहाच आठवडे लागले, कारण एकदा श्वास बसला की अंतर वाढवणं हे चालत जाण्यासारखं होतं. व्हिडिओ बघून एकट्याने शिकू नका, समोर कोच पाहिजे, महिन्याची फी बुटांपेक्षा कमी पडते.

बायका अजून एक विचारतात, कॉस्च्यूमचं. गुडघ्यापर्यंतचे, फुल बाह्यांचे कॉस्च्यूम सहज मिळतात, तलावावर पहिले चार दिवस अवघडायला होतं, पाचव्या दिवशी तुमचं लक्ष श्वासात असतं.

५. सायकल कुठली घेऊ? खर्च किती येतो एकूण?

घरात गिअरची सायकल असेल तर पहिली स्प्रिंट तिच्यावरच करा. नसेल तर साधी हायब्रिड घ्या, वीस-तीस हजारांत चांगली येते. रोडबाईक पन्नास हजारांच्या पुढे, आणि ती पुढच्या दांड्यांवर कोपरं टेकवून चालवायची महागडी ट्राय-बाईक तर पहिल्या दोन वर्षांत बघायचीसुद्धा नाही. सायकलपेक्षा तिचं माप महत्त्वाचं. सीटची उंची चुकली तर गुडघा जातो, सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर चुकलं तर मान आणि मनगट जातं, त्यामुळे हजार-दोन हजार देऊन एकदा फिटिंग करून घ्या.

बाकी हेल्मेट, पुढे-मागे लाइट, पंक्चरचं सामान (आणि ते वापरता येणं), पॅडवाली शॉर्ट, पळायचे बूट, गॉगल, टोपी. पॅडवाल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं, हे कुणी सांगत नाही आणि लोक महिनाभर जखमा सोसतात. जिथे घासतं तिथे व्हॅसलीन.

रेसची फी वेगळी. लोकल स्प्रिंट परवडते, गोव्याच्या ७०.३ ला पाच आकडी रक्कम जाते, वर प्रवास, राहणं, सायकल नेण्याचा खर्च. हा आकडा घरी आधी सांगा. लपवून भरलेली फी नंतर नक्की कळते आणि मग भांडण सायकलीवर निघतं.

६. नोकरी सांभाळून एवढा वेळ कुठून काढता?

स्प्रिंटसाठी आठवड्याला पाच ते सात तास पुरतात. ७०.३ साठी शेवटच्या चार महिन्यांत नऊ-दहा, कधी बारा. हे तास कुठूनतरी उचलावे लागतात, आणि खरं उत्तर हे आहे की ते रात्रीतून उचलावे लागतात. पहाट सगळ्यांना दिसते, पण बदल रात्री होतो. मी पूर्वी साडेअकराला झोपायचे, आता साडेनऊला दिवा बंद. पावणेपाचला उठायचं तर सात तास झोप व्हायला हवी, ती कापली तर दोन महिन्यांत शरीर हिशोब मागतं.

साडेनऊला झोपायचं म्हणजे काय काय बदलतं बघा. जेवण साडेसातला. म्हणजे ऑफिसातून आल्यावर स्वयंपाकाला वेळ नाही, म्हणून रविवारी वाटणं करून ठेवणं, रात्रीच सकाळच्या डब्याची भाजी चिरून आणि कणीक मळून ठेवणं. टीव्हीवरच्या मालिका बंद. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. रात्री दहाला सुरू होणारी बिल्डिंगची मीटिंग, उशिराची जेवणं, मैत्रिणींचे गप्पांचे फोन, सगळं आपोआप मागे पडलं. मी त्यातल्या दोन मैत्रिणींना स्पष्ट सांगितलं की मला दुपारी फोन करा, त्या करतात. एक जण दुखावली, आणि तिचंही बरोबर होतं, कारण मी सहा महिने तिचा फोनच उचलला नव्हता.

माझा आठवडा साधारण असा असतो: सोमवार सुट्टी, मंगळवार-गुरुवार तलाव, बुधवार-शुक्रवार पळणं आणि अर्धा तास वजनं, शनिवार लांब सायकल, रविवारी थोडी सायकल आणि लगेच पळणं. सायकलवरून उतरून पळायला लागलं की पहिली दहा मिनिटं पाय दुसऱ्याचेच वाटतात, ती सवय सरावानेच लागते. एखादा दिवस बुडला तर तो दुसऱ्या दिवसावर लादायचा नाही, गेला तो गेला.

७. घरचे वैतागलेत. काय करू?

आधी हे मान्य करा की ते वैतागलेत त्याला कारण आहे. रेस तुमची असते आणि पहाटे पावणेपाचचा अलार्म सगळ्यांचा असतो. ओले टॉवेल, क्लोरीनचा वास येणारे कॉस्च्यूम, बाल्कनीत सायकल, शनिवारी दुपारी तुम्ही मेल्यासारखे झोपलेले, आणि जेवताना विषय एकच. माझ्या घरी सासूबाई आहेत, त्यांनी पहिलं वर्षभर एकच वाक्य म्हटलं, "ह्या वयात पडलीस तर कोण करणार गं तुझं?" मला तो टोमणा वाटायचा. नंतर मी खरंच पडले, मनगट फ्रॅक्चर, आणि सहा आठवडे माझी वेणी त्यांनी घातली. तेव्हा कळलं की तो टोमणा नव्हता, त्यांना खरोखर तोच प्रश्न पडला होता आणि उत्तर त्यांनाच द्यावं लागणार हेही त्यांना माहीत होतं.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या. महिन्याचं कॅलेंडर फ्रीजवर लागतं, लांब राइडचे दिवस त्यावर आधीच लिहिलेले असतात, आणि घरच्यांनाही त्यावर काट मारायचा हक्क आहे, महिन्यातून दोनदा, कारण न देता. रविवारी नऊनंतर मी घरची, घड्याळ काढून ठेवते. दुपारचं जेवण सगळ्यांबरोबर. सकाळचा चहा-नाश्ता नवऱ्याने घेतला, पोहे त्याला आता माझ्यापेक्षा मोकळे जमतात. आणि वर्षात एकच मोठी रेस, दोन नाहीत.

हे घरकामाचं वाटप बायकांसाठी जास्त अवघड आहे हे मी रोज बघते. पुरुष सायकल काढून निघतात, परत येतात तेव्हा नाश्ता तयार असतो. माझ्या ग्रुपमधल्या पुरुषांना मी हे तोंडावर सांगते: तुमच्या तीन तासांच्या राइडमध्ये बायकोचे तीन तास लागलेत, तिला आठवड्यात तेवढेच तास मोकळे मिळतात का ते मोजा. तिने त्यात पळावं असंही नाही, झोपेल, वाचेल, माहेरी जाईल.

८. मुलाची बारावी आहे यंदा. करू की नको?

व्यायाम करा, रेस नको. मी मुलाच्या बारावीच्या वर्षी पोहणं आणि पळणं चालू ठेवलं, रेस एकही लावली नाही. पाच तासांचा आठवडा त्या वर्षी सगळ्यांनाच बरा पडतो, घरात सगळेच तणावात असतात आणि एक तरी माणूस सकाळी शांत होऊन परत येतं. घरात आजारपण, बांधकाम, बदली असेल तरी हेच उत्तर.

९. शाकाहारी आहे. प्रोटीन पावडर घ्यावीच लागते का? सायकलवर काय खायचं?

आधी मोजा. दर किलो वजनामागे साधारण १.४ ते १.६ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ८५-९५ ग्रॅम. आपल्या नेहमीच्या वरण-भात-भाजी-पोळीत एवढं होत नाही. दोन्ही जेवणांत मोडाची उसळ किंवा घट्ट वरण वाटी भरून, दही, शंभर ग्रॅम पनीर (साधारण १८ ग्रॅम), सोयाबीन, चालत असेल तर अंडी. तरीही कमी पडत असेल तर पावडर घ्या, त्यात गैर काही नाही. बी-१२ आणि डी तपासून घ्या, शाकाहारी लोकांत कमी असणं अगदी कॉमन आहे. आणि जेवणाबरोबर चहा नको, लोह शोषलं जात नाही, त्याऐवजी लिंबू पिळा.

सव्वा-दीड तासाच्या पुढच्या राइडला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब लागतात, पोट सवयीचं झालं की जास्तही जातात. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम. खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, उकडलेला बटाटा मीठ लावून, हे सगळं खिशात बसतं. चिक्की उन्हात हाताला चिकटते, म्हणून मी लहान तुकडे करून बटर पेपरमध्ये गुंडाळते. पाण्यात लिंबू, साखर, मीठ किंवा ओआरएस. नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे, तासन्‌तास घाम जाऊन वर फक्त पाणी गेलं की रक्तातलं सोडियम खाली येतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतं.

जे रेसला खाणार ते आधी दहा वेळा सरावात खाल्लेलं पाहिजे.

१०. उपास असतो माझा. एकादशी, नवरात्र वगैरे. चालेल?

एकादशीला हलका दिवस ठेवा, अर्धा तास पोहणं किंवा चालणं. साबुदाणा खिचडी, रताळं, शेंगदाणे, दही ह्यातून ऊर्जा मिळते, त्यामुळे फराळ करून उपास असेल तर फारसं अडत नाही. निर्जळी असेल तर व्यायाम बंद, चर्चा नाही.

नवरात्राचा प्रश्न खरा आहे, कारण गोव्याची रेस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते आणि तिची सगळ्यात जड ट्रेनिंग बरोबर गणपती ते दसऱ्यात पडते. कधी दिवाळीही तिच्याच तोंडावर. मी ऑगस्टमध्येच कॅलेंडर काढून गौरीचे तीन दिवस आणि घटस्थापना-अष्टमी सुट्टीचे म्हणून लिहिते आणि त्याप्रमाणे बाकीचं हलवते. नऊ दिवसांचे उपास मी आता उठता-बसता करते, म्हणजे पहिला आणि शेवटचा. हे मी सासूबाईंना विचारून केलं.

११. वजन किती कमी होतं?

माझं दोन वर्षांत चार किलो, आणि पहिले पाच महिने काहीच नाही, कारण भूक दुप्पट होते. कपडे मात्र सैल होतात, जिन्यावर धाप लागत नाही. वजनासाठी हे करत असाल तर निराश व्हाल.

१२. पळून गुडघे जातील ना?

निरोगी गुडघा पळण्याने झिजतो असं नाही, एकदम जास्त पळण्याने दुखतो. चार मिनिटं चालणं-एक मिनिट पळणं इथून सुरुवात करा, दर आठवड्याला थोडंसंच वाढवा. आधीच संधिवात किंवा लिगामेंटची दुखापत असेल तर ऑर्थोपेडिकला विचारा, नुसती सायकल आणि पोहणंही चालतं, रिलेत भाग घेता येतो (प्रश्न १६).

ह्याहून महत्त्वाचं म्हणजे वजनं उचलणं. चाळिशीनंतर स्नायू दरवर्षी कमी होत जातात, आणि पोहणं-सायकल ह्यांनी हाडांवर भार येत नाही त्यामुळे हाडं मजबूत होत नाहीत. आठवड्यातून दोनदा स्क्वाट, डेडलिफ्ट, पोटऱ्यांचे व्यायाम. बायकांनी तर अजिबात टाळू नये, कारण पाळी थांबल्यावर हाडांची घनता भराभर उतरते.

१३. पाळी अनियमित झालीये, रात्री घाम, झोप नाही. अशात ट्रेनिंग कसं करायचं?

मीही त्यातूनच जातेय. ज्या रात्री तीन तास झोप झाली त्या सकाळी मी अलार्म बंद करते आणि झोपते, पूर्वी अपराधी वाटायचं, आता नाही. रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासा, हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो आणि मग पळताना पाय शिशाचे होतात. मी तीन महिने स्वतःला आळशी समजत होते आणि फेरिटिन नऊ निघालं. गायनॅकला मोकळेपणी सांगा की मी आठवड्याला इतके तास व्यायाम करते.

रेसच्या दिवशी पाळी आली तर कप किंवा टॅम्पॉन, पण त्याची सवय आधी तलावात करून घ्या.

१४. तलावात दोन किलोमीटर पोहते, पण समुद्राची भीती वाटते.

वाटायलाच पाहिजे. तळ दिसत नाही, दांडी नाही, लाट तोंडावर येते, शंभर माणसं आजूबाजूला हातपाय मारतायत. गोव्यात मिरामारला मी शिरले आणि पहिल्या शंभर मीटरात छाती आवळल्यासारखी झाली. मी उताणी झाले, आकाशाकडे बघून दहा श्वास मोजले, मग शंभरेक मीटर ब्रेस्टस्ट्रोक केला आणि मग फ्रीस्टाइल. हे सगळं नियमात बसतं, कुठलाही स्ट्रोक चालतो, आणि दमल्यावर कयाक धरून थांबलेलंही चालतं, फक्त ती धरून पुढे सरकायचं नाही.

समुद्रात दिशा ठेवायला दर आठ-दहा हातांनी डोळे मगरीसारखे पाण्याच्या वर काढून समोरचा बोया (पाण्यावर तरंगणारी मोठी खूण) बघायचा, हे तलावातच शिकून घ्या. खारं पाणी शरीराला वर धरतं, त्यामुळे पाय कमी बुडतात, हा मोठा फायदा. गोव्याचं पाणी कोमट असतं, वेटसूट विकत घेऊ नका.

सराव कुठे करायचा? मालवणला चिवला बीचवर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा होते, छोटी अंतरंही असतात, पहिल्या अनुभवाला ती फार चांगली. नाशिककर सारखे विचारतात गंगापूर धरणात उतरू का. एकट्याने कधीही नाही. गाळ, वेली, अचानक खोली, थंड पाणी. परवानगी, सोबत पोहणारे जाणकार, कंबरेला बांधायचा रंगीत फुगा आणि बोट, एवढं असेल तरच.

१५. पहाटे एकटी बाई सायकलवर. भीती नाही वाटत? कुत्र्यांचं काय?

मी एकटी जात नाही. नाशिकमध्ये सायकलला सोबत मिळणं सोपं आहे, २०१५ साली अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका, देश आडवा पार करणारी सायकल स्पर्धा) पूर्ण करणारे डॉक्टर महाजन बंधू इथलेच, पंढरपूरची सायकल वारी इथून निघते, त्र्यंबक रोडला शनिवारी पहाटे ग्रुप दिसतातच. लाइव्ह लोकेशन घरी चालू, आधारची झेरॉक्स आणि रक्तगट खिशात, उजाडेपर्यंत शहराबाहेर नाही. हायवेला इअरफोन अजिबात नाही. कुत्रं मागे लागलं तर वेग वाढवू नका, थांबून उतरा, सायकल मध्ये धरा, मोठ्याने ओरडा, बहुतेक थांबतात. चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी इंजेक्शन.

पावसाळ्यात मी रस्त्यावर लांब राइड बंद करते. खड्डा पाण्याखाली दिसत नाही, माझं मनगट तसंच गेलं. घरात ट्रेनरवर (जागेवरच पॅडल मारता येईल अशा स्टँडवर) सायकल लावते, खाली जुनी सतरंजी.

१६. रेसच्या नियमांत काय काय चुकतं लोकांचं?

हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि पळायला जाताना सायकल ठेवल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. ठरलेल्या रेषेच्या अलीकडे सायकलवर बसायचं नाही. आयर्नमॅनच्या रेसमध्ये दुसऱ्याच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घेता येत नाही, आपल्यासारख्यांसाठी १२ मीटरचं अंतर, ओव्हरटेक २५ सेकंदांत पूर्ण, नाहीतर पाच मिनिटांची पेनल्टी. ग्रुप राइडची सवय असलेले इथेच अडकतात. इअरफोनने गाणी ऐकायची नाहीत.

वयाचा गट पाच-पाच वर्षांचा असतो आणि वय धरतात ३१ डिसेंबरचं. म्हणजे ऑक्टोबरात तुम्ही ४९ चे असलात पण वाढदिवस १० डिसेंबरला असेल तर तुम्ही ५०-५४ मध्ये.

रिलेमध्ये तिघं मिळून एकेक टप्पा करतात. पोहता न येणाऱ्याला, गुडघा गेलेल्याला, किंवा घरातल्या कुणाला सोबत घ्यायचं असेल तर उत्तम. पुढच्या वर्षी मी, नवरा आणि मुलगा तसंच उतरणार आहोत, पळणार नवरा.

१७. मध्येच आजारी पडलो तर? डेंगी झाला होता.

नुसती सर्दी असेल तर हलका व्यायाम चालतो. ताप, अंगदुखी, छातीत कफ असेल तर पूर्ण बंद, ताप गेल्यावरही काही दिवस थांबून मग अर्ध्याने सुरुवात. डेंगीनंतर प्लेटलेट्स नॉर्मल होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत सायकल नको, पडलात तर रक्तस्रावाचा धोका. अशक्तपणा महिनाभर राहू शकतो. त्या सीझनची रेस सोडावी लागली तर सोडा, काही स्पर्धांत एन्ट्री पुढच्या वर्षावर ढकलता येते, आयोजकांना मेल करून विचारा.

१८. कट-ऑफ, म्हणजे ठरलेली वेळमर्यादा, चुकला तर काय होतं?

गोव्याला पोहायला १ तास १० मिनिटं आणि एकूण ८ तास ३० मिनिटं मिळतात. वेळ चुकली की रेसचे लोक थांबवतात, पायातली वेळ मोजणारी चिप काढून घेतात, पाणी देतात. एवढंच होतं. माझ्या पहिल्या प्रयत्नात मला सायकल संपवायला उशीर झाला आणि ८४ किलोमीटरवर थांबवलं. मी पंधरा मिनिटं फुटपाथवर बसून रडले, एका स्वयंसेवक मुलीने शेजारी बसून कोकम सरबत दिलं, काही बोलली नाही.

परत आल्यावर मी आठ दिवस काही केलं नाही. मग नवव्या दिवशी सासूबाईंनीच विचारलं, की फ्रीजवर नवीन महिन्याचा कागद लागला नाही अजून, लावायचा नाही का. मी लावला. त्या वर्षी सायकलचे तास वाढवले, चढ जास्त केले, खाण्याचं नीट बसवलं, आणि पुढच्या वर्षी ८ तास ११ मिनिटांत पूर्ण झाली.